पंख्याचं वाक्य

ऑफिसात त्याला सगळे परीट म्हणत. कपड्यांशी त्याचा संबंध एवढाच की स्वतःचा शर्ट तो स्वतः इस्त्री करी, तोही बायकोच्या मते वाईट. तो धूत असे ते कागद. सीमेपलीकडून माणसं जीव मुठीत धरून जी खबर पाठवत, ती या ऑफिसात कच्ची येई. कोण कुठं बसलं, कोण काय बोललं, कुणाला खोकला झाला होता, दाराशी कुत्रं भुंकत होतं का, सगळं त्यात असे. त्यातलं काही पलीकडच्या सरकारला सांगायचं ठरलं की तो कागद आधी परिटाकडे यायचा. खबर कुणी दिली याचा सुगावा लागेल असं जे जे असेल ते त्यानं काढून टाकायचं, आणि मग परीटघडीचा कागद वर पाठवायचा.

काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. नावं काय, कुणीही खोडील. पण खोकला कुणाला झाला होता हे खोलीत बसलेल्यालाच माहीत असतं, आणि कुत्र्याचं भुंकणं ज्यानं ऐकलं तो दाराजवळ बसलेला असतो. वास, उजेड, हसणं, शिव्या, कप कुठल्या रंगाचे होते, हे सगळं जायला हवं. शेवटी राही ते एवढंच : अमुक लोक अमुक ठिकाणी घातपात करणार आहेत, सांभाळा. वाचणाऱ्याला वाटावं की ही खबर माणसानं आणलीच नाही, आपोआप उगवली.

ही सवय त्याच्या घरीही शिरली होती. बायको म्हणायची, "तुम्हाला कुठं पाठवून उपयोग नाही. माझ्या भावाच्या लग्नाला एकटे जाऊन आलात आणि सांगितलंत काय? तर, एका ठिकाणी काही लोक जमले होते, जेवण झालं." त्यावर तो म्हणे, "मग खोटं सांगितलं का?" आणि दोघं हसत. हे तेव्हाचं, जेव्हा त्या घरात या गोष्टीवर हसता येत होतं.

ऑफिसचा एक नियम होता आणि तो देवाच्या आज्ञेसारखा पाळला जाई. ज्याला माणूस माहीत, त्याला धुतलेला कागद दिसणार नाही. आणि जो कागद धुतो, त्याला माणूस माहीत नसणार. पलीकडच्या खबऱ्यांना सांभाळायचं काम मामांचं. मामा हे कुणाचेच मामा नव्हते आणि सगळ्यांचे होते. पांढऱ्या मिशा, खिशात कायम बिस्किटांचा पुडा, आणि ताकास तूर लागू न देण्याची जन्मजात हातोटी. त्यांची खोली जिन्याच्या खाली, परिटाची जिन्याच्या वर. मामा कच्चा कागद पाठवत, परीट तो धुई, आणि दोघं मधल्या वेळेत कँटीनमध्ये बसून गुडघेदुखीवर बोलत. कामावर एक अक्षर नाही. दोन्ही टोकं माहीत असलेली व्यक्ती एकच, त्या म्हणजे बाई, या सगळ्या विभागाच्या प्रमुख.

बाईंचं म्हणणं असं की दहशतवाद्यांना सीमा अडवत नाही, ती अडवते फक्त सरकारांना. म्हणून दोन्ही सरकारांनी एकमेकांना वेळेवर सावध करायचं, हेच धोरण. वर्षानुवर्षं रुसून बसलेल्या दोन राजधान्यांत हे धोरण गळी उतरवायला बाईंचे केस पिकले. अडचण अशी की पूर्वी याच ऑफिसातून राजकारणासाठी खोट्या धोक्याच्या सूचना गेल्या होत्या. लांडगा आला रे आला करून झालेलं होतं. पलीकडचे आता आपला कागद आला की चहाच्या कपाखाली ठेवत.

त्यातच ती धान्यबाजाराची खबर आली. पलीकडच्या शहरातला मोठा बाजार, भर गर्दीची सकाळ, पोत्यांत भरलेला दारूगोळा. परिटानं कागद धुतला, नेहमीसारखा वाळवून कोरडा ठणठणीत केला आणि बाईंसमोर ठेवला.

बाईंनी वाचला. चष्मा काढून डोळे चोळले. "चोख आहे," त्या म्हणाल्या, "आणि ते हा केराच्या टोपलीत टाकतील. यात जीव नाही हो. वाचून कुणी खुर्चीतून उठणार नाही. थोडा जीव येऊ दे."

"म्हणजे काय ठेवू?"

"ते तुम्हाला जास्त कळतं."

तो वर आला आणि कच्चा कागद पुन्हा काढून बसला. त्यात एक वाक्य होतं. धुताना त्यानं ते सगळ्यात शेवटी खोडलं होतं, मन होत नव्हतं म्हणून. वाक्य असं : 'छताचा पंखा इतका खडखडत होता की एकमेकांचं ऐकू येईना, म्हणून शेवटी पंखा बंद करून सगळे घामाघूम होत बोलत बसले.' बस, एवढंच. पण ते वाचलं की खोली दिसायची. शेकडो माणसं मारायचा बेत करणारे ते लोक, शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसताना. परीट उभ्या आयुष्यात असली वाक्यं फेकत आला होता. त्यानं स्वतःला विचारलं, यातून कोण ओळखू येईल? पंखे कुठं खडखडत नाहीत? आपल्याच घरचा खडखडतो. प्रश्न बरोबर होता, उत्तरही बरोबर वाटलं. पण खरं सांगायचं तर उत्तर येण्याआधीच त्यानं ते वाक्य ठेवायचं ठरवलं होतं. ते वाक्य चांगलं होतं, आणि एकदा तरी आपल्या हातून काहीतरी चांगलं बाहेर जावं अशी त्याला हाव सुटली होती.

पलीकडच्यांनी कागद वाचला आणि खुर्चीतून उठले. पोती सापडली, माणसं पकडली, बाजार वाचला. त्यांच्या बड्या अधिकाऱ्यानं बाईंना फोन करून सांगितलं की पंख्याचं वाचलं आणि आमची खात्री पटली, असलं कुणी मनानं रचत नाही. पुढं दोन्ही देशांत करार झाला, सह्या झाल्या, हस्तांदोलनाचे फोटो आले. फोटोत परीट नव्हता, असणारही नव्हता. पण त्या दिवशी घरी जाताना त्यानं बायकोला गजरेवालीकडची फुलं नेली. ती म्हणाली, "काय झालं?" तो म्हणाला, "एका ठिकाणी काही लोक वाचले."

मग बरेच दिवस मामा कँटीनमध्ये आले नाहीत. आले तेव्हा मिशा न कापलेल्या, आणि खिशात बिस्किटं नाहीत. चहा समोर ठेवून बसले, त्यावर साय धरली.

"मामा, बरं नाही का?"

"माझा वायरमन गेला," मामा म्हणाले.

परिटानं मान वर केली. इतक्या वर्षांत मामांच्या तोंडून पलीकडच्या माणसाबद्दल शब्द निघाला नव्हता. हात करून थांबवावं असं त्याला वाटलं, पण मामांना थांबवता आलं नसतं. धरण फुटल्यावर हात आडवा करून काय होतं?

"स्वतःच्या दुकानात सापडला. वर पंखा, खाली हा. शॉक लागून मेला म्हणे. अरे, मेन स्विच बंद केल्याशिवाय तो बल्बला हात लावत नसे! आणि दुकानाला बाहेरून कुलूप. मेलेला माणूस बाहेरून कुलूप लावतो का?" मामांनी आवाज खाली घेतला. "मी मारलं त्याला."

"काहीतरी काय बोलताय."

"त्याला मुलगी आहे. आकडी येते तिला. तिकडे औषध मिळत नाही, तर मी इकडून गोळ्या पाठवत होतो, सुट्या भागांचा एक व्यापारी जातो त्याच्याबरोबर. डब्यावर आपल्या इकडच्या दुकानाचा शिक्का. माझ्या लक्षातच आलं नाही, रे. पोरीच्या गोळ्या आहेत, त्यात काय लपवायचं, असं वाटलं. कुणीतरी तो डबा पाहिला असणार. दुसरं काही कारणच नाही. वर्षानुवर्षं कुणाला संशय आला नाही त्याचा. घराघरात जायचा, पंखे, मोटारी, बटणं नीट करायचा, कोण विचारतं वायरमनला?"

परिटानं कप बशीत ठेवला.

"आता मुलीचं?" त्यानं विचारलं.

"बंद केल्या गोळ्या. कसल्या पाठवतो आता? बाप खाल्ला मी त्या डब्यापायी, आता आईला आणि पोरीला खाऊ?" मामा उठले. "या धंद्यात माया करू नये, परीट. मला सांगितलं होतं सुरुवातीलाच. ऐकलं नाही."

मामा गेले. परीट तिथंच बसून राहिला. पंखा खडखडत होता म्हणून बंद केला; आणि खडखडणारा पंखा नीट करायला कोण येतो? इतकी साधी गोष्ट! शाळेतल्या पोरानं सांगितली असती. त्यानं खोकला काढला, कुत्रं काढलं, कपांचे रंग काढले, आणि माणूस तेवढा कागदावर ठेवून दिला. पलीकडच्या ऑफिसातून तो कागद कुणाच्या तरी हाती लागला असणार, तिकडच्या भिंतींनाही कान होतेच. आणि ज्या लोकांनी त्या खोलीत घाम पुसला होता, त्यांना एकच प्रश्न पडला असणार : पंख्याचं बाहेर कुणाला माहीत होतं?

त्याच वेळी उठून मामांच्या मागं जायला हवं होतं. तो नाही गेला. नियम आहे, असं त्यानं स्वतःला सांगितलं. नियम होताच. भित्र्या माणसाला नियमाएवढा चांगला आडोसा मिळत नाही.

उन्हाळा अंगावर आला होता. घरी बायकोनं पंखा लावला की तो उठून बंद करी. ती लावी, हा बंद करी. पहिल्यांदा तिनं थट्टा केली, मग ती चिडली.

"अहो, जीव जातोय उकाड्यानं. त्याचा आवाज सहन होत नाही तर वायरमनला बोलवा ना, केव्हाची सांगतेय."

"नको," तो इतक्या जोरात म्हणाला की ती दचकली.

"वायरमननं काय घोडं मारलंय तुमचं?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग वर्तमानपत्राची घडी करून वारा घेत बसली. त्यालाही अधूनमधून वारा घालत होती. ते त्याला पंख्याहून असह्य झालं. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण खवखव घशात असती तर खाकरून टाकता आली असती. याला कुठं खाजवावं तेच कळेना. आणि या सगळ्यात ती मुलगी मनातून हलत नव्हती. तिच्या गोळ्या मामांनी बंद केल्या त्या भलत्याच गुन्ह्यासाठी. चोर सोडून संन्याशाला फाशी, इथवर ठीक. पण इथं संन्यासी स्वतःच दोर वळत होता, आणि फास लागत होता एका पोरीला. चोर जिन्याच्या वर बसून बिनबोभाट पगार घेत होता.

अशात नवी खबर आली. पुन्हा पलीकडची, या वेळी रेल्वेच्या पुलाची. परिटानं कागद धुतला. असा धुतला की त्यातून स्वतः खबर देणाऱ्यालाही आपली खबर ओळखू आली नसती. बाईंनी तो वाचला आणि त्याच्याकडे सरकवला.

"मागच्या वेळचा पंखा ठेवला होतात ना, तसं काहीतरी. ते लोक आता तीच अपेक्षा करतात."

"नाही, बाई."

बाईंनी मान वर केली. या ऑफिसात त्यांना नाही म्हणण्याची पद्धत नव्हती.

"त्या पंख्यानं माणूस मेला," तो म्हणाला. सांगून टाकावं असं ठरवून तो आलाच नव्हता. तोंडातून निघून गेलं. "वायरमन होता तो. मला माहीत नव्हतं. मी ते वाक्य ठेवलं आणि तो मेला. मला काढून टाका, चौकशी करा, काय करायचं ते करा."

बाईंनी उठून दार लावलं आणि परत येऊन बसल्या. "मामांनी सांगितलं तुम्हाला. सांगायला नको होतं."

परीट त्यांच्याकडे बघत राहिला. रागावल्या नव्हत्या त्या. चकितही झाल्या नव्हत्या. त्याला हळूहळू उमगत गेलं.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "माणूस कोण ते तुम्हाला माहीत होतं. आणि कागद तुम्ही वाचलात."

"वाचला."

"मग सही कशी केलीत?"

"तुम्ही बाजार पाहिलाय तो? मी पाहिलाय," बाई म्हणाल्या. "सकाळी पाय ठेवायला जागा नसते. बायका मुलांना काखेत घेऊन निवडण-टिपण करत असतात. मला वाटलं, एखाद्या वेळेस निभावेल. एखाद्या वेळेस त्यांच्या लक्षात येणार नाही. आणि नाही निभावलं तर..." त्या थांबल्या. "ते वाक्य खोडायला पेन हातात घेतलं होतं मी. मग पेन खाली ठेवलं. धोरण म्हणतात ते हेच असतं. भाषणात वेगळं ऐकू येतं. पापाचा वाटा मागायला आला असाल तर वाटा नाही, सगळं माझं आहे. जा."

"मामांना सांगतो."

"सांगायचं नाही," बाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "मामांना कळलं की मामा हे काम सोडतील. आणि ही पुलाची खबर देणारा माणूस मामांशिवाय कुणाशी बोलत नाही. समजतंय ना? मामांना स्वतःला दोष देऊ दे. त्यानं कुणी मरत नाही."

तो बाहेर आला आणि त्याला लाज वाटावी इतकं हलकं वाटलं. जिना चढताना गुडघाही दुखला नाही. सगळं माझं आहे, असं वरच्या माणसानं सांगितलं होतं. आपण साधा हुकुमाचा ताबेदार. पुलाचा कागद त्यानं होता तसाच, कोरडा पाठवून दिला. पुढं बाईंनी त्यात काय भरलं किंवा नाही भरलं, ते त्याला कधीच कळलं नाही. घरी गेला तो स्वतः पंखा लावून खाली आडवा झाला. बायको दारात उभी राहून बघत होती.

"सुटली वाटतं समाधी," ती म्हणाली.

पंखा खडखडत होता. त्याला वाटलं, आता झोप लागेल. पण बाईंचं शेवटचं वाक्य पंख्याबरोबर फिरायला लागलं. त्यानं कुणी मरत नाही. आकडीच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर काय होतं? त्याच्या एका चुलतभावाला आकडी यायची. गोळी चुकू नये म्हणून काकू घराबाहेर पडताना पदराला गाठ मारून ठेवायच्या, आणि एकदा ती गाठ विसरली तेव्हा काय झालं ते सगळ्या घरानं पाहिलं होतं. बाईंनी बाजार मोजला, पूल मोजला. ही मुलगी त्या मोजणीत कुठं बसतच नव्हती. आणि आपण तरी काय केलं? दोष उतरवून ठेवायला खुंटी मिळाली म्हणून शीळ घालत घरी आलो. वाक्य ठेव असं बाई म्हणाल्या नव्हत्या. जीव येऊ दे, एवढंच म्हणाल्या होत्या. पंखा त्यानं निवडला होता, आवडला म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जिना उतरून मामांच्या खोलीत गेला. या खोलीत तो इतक्या वर्षांत कधी आला नव्हता. लहानशी खोली, एक खिडकी, एक टेबल, भिंतीला टेकवलेली छत्री. मामा काहीतरी लिहीत होते. त्यांनी कागद उलटा केला, सवयीनं.

"तू इथं कसा? येऊ नये माहीत नाही का?"

"मामा, त्या मुलीच्या गोळ्या पाठवा."

मामांचा चेहरा दगडाचा झाला. "विषय काढू नकोस."

"पाठवा. गोळ्यांनी नाही मेला तो."

"तुला काय माहीत?"

"त्याला पंख्याखाली का टाकला, मामा? डब्याचा संशय असता तर डब्यावरून विचारपूस झाली असती, व्यापाऱ्याला धरलं असतं. व्यापारी फिरतोय ना अजून? त्यांनी त्याला पंख्याखाली टाकला, कारण त्यांना पंख्याचंच सांगायचं होतं. तुम्ही कच्च्यात पंख्याचं लिहिलं होतंत. ते मी काढलं नाही. कागद पंख्यासकट पलीकडे गेला." त्याला दम लागला. "चुकून राहिलं असंही नाही. आधी खोडलं होतं, मग मुद्दाम परत घातलं. चांगलं वाटलं म्हणून."

बाईंचं नाव त्यानं घेतलं नाही. घेता आलं असतं, आणि घेतलं असतं तर त्याचं ओझं अर्धं झालं असतं. पण मामांना जे कळायला हवं होतं त्याला त्या नावाची गरज नव्हती, आणि गरज नसलेलं काढून टाकणं एवढं एकच त्याला येत होतं.

मामा ओरडतील, कॉलर धरतील, असं त्याला वाटलं होतं. तशी त्यानं तयारीही केली होती. मामा खिडकीकडे बघत बसून राहिले. बाहेर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिचा आवाज थांबला.

"तो मला म्हणाला होता," मामा म्हणाले. "पंख्याचं लिहू नका, साहेब. त्यांचं बोलणं चाललं होतं तेव्हा त्या घरी पंखा बघायला माझ्याशिवाय कुणी गेलं नाही. मी म्हटलं, अरे बाबा, ऐकलेलं सगळं लिहायचं असा आमचा नियम आहे, गाळायचं काम माझं नाही. पण तू घाबरू नकोस. आमच्याकडे एक माणूस आहे, तो असलं सगळं वेचून काढतो. त्याच्या हातून आजवर काही राहिलेलं नाही." मामांनी मिशीवरून हात फिरवला. "त्यावर हसला. म्हणाला, मग ठीक आहे. म्हणाला, त्या माणसाला माझे आभार सांगा. मी म्हटलं, सांगता येत नाही, आमच्यात तसं चालत नाही. तरी सांगा म्हणाला, कधी जमलं तर."

खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. परीट भिंतीला पाठ लावून उभा राहिला. रडावं म्हटलं तर तेही येईना. त्या माणसाचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं, नाव ऐकलं नव्हतं, आणि तो माणूस मात्र याच्या भरवशावर घरी जाऊन निवांत झोपला होता.

"सांगितले आता," मामा म्हणाले.

मग त्यांनी टेबलाचा खालचा ड्रॉवर ओढला. आत गोळ्यांचे डबे होते, नवे, न उघडलेले, एकावर एक. पाठवणं बंद केलं तरी मामा दुकानात जाऊन सवयीनं आणत राहिले होते आणि इथं टाकत राहिले होते. त्यांनी एक डबा काढून टेबलावर ठेवला. त्याच्या झाकणावर इकडच्या औषधाच्या दुकानाचा जांभळा शिक्का होता आणि बाजूला किमतीची चिठ्ठी चिकटवलेली होती.

"व्यापारी संध्याकाळी निघतो," मामा म्हणाले. "यावरचं सगळं काढ."

परिटानं टेबलाशी वाकून काम सुरू केलं. मामांनी खुर्ची दिली नाही आणि त्यानं मागितली नाही. चिठ्ठीखाली ओला रुमाल दाबून धरला, मग नखानं कडेकडेनं सोडवली. शिक्का पुसला जाईना, तेव्हा पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा खरवडून काढला. तळाला किती गोळ्या कशा द्यायच्या हे मामांच्या हातानं लिहिलेलं होतं. ते त्यानं वाचून दाखवलं, आणि मामा नुसते मान हलवून म्हणाले की आईला पाठ आहे, काढ. तेही काढलं. पट्टीच्या मागं छापलेलं गावाचं नाव ब्लेडनं घासून घालवलं. काम व्हायला बराच वेळ लागला. या वेळी त्यानं काहीच ठेवलं नाही, काही ठेवावंसं वाटण्याजोगं त्यात नव्हतंही.

"झालं," तो म्हणाला आणि डबा मामांपुढं सरकवला.

इतक्या वर्षांत परिटानं धुतलेलं मामांनी कधी तपासलं नव्हतं. तपासायची सोय नव्हती, आणि गरजही वाटली नव्हती. आता त्यांनी चष्मा लावला. डबा घेऊन ते खिडकीशी गेले आणि उजेडात धरून त्याच्या सगळ्या बाजू फिरवून पाहिल्या. मग झाकण उघडलं, गोळ्यांची एकेक पट्टी बाहेर काढली, पुढून पाहिली, मागून पाहिली, नखानं चाचपून पाहिली. परीट हात पुसत उभा होता. मामांनी शेवटची पट्टी आत ठेवली, आणि डबा बंद करण्याआधी पुन्हा पहिली पट्टी बाहेर काढून बघायला सुरुवात केली.